इतर काही सूचना

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षी
मी भोसरीतल्या एका गॅस्केटच्या कारखान्यात
समाधान मोजायला गेले.

बासष्ट माणसं, चाळीस विधानं,
प्रत्येकापुढे एक ते पाच.
'कार्यसमाधान' हा शब्द नाफडे बाईंनी सुचवलेला.
प्रेस शॉपमध्ये तो उच्चारला
तेव्हा सुपरवायझर म्हणाला, म्हणजे पगारवाढ का?

तीनच्या भोंग्याला पाळी बदलायची.
जाणारे घाईत, येणारे जेवणानं जडावलेले.
मधल्या वीस मिनिटांत
कॅन्टीनच्या ओल्या टेबलावर मी कागद मांडायची,
पेन्सिली वाटायची, सांगायची,
बरोबर-चूक असं काही नाही, नावही लिहू नका.
मागून कुणीतरी विचारायचं,
मग परीक्षा कसली?

यासीन तांबोळींनी सगळ्यात शेवटी कागद हातात दिला.
चाळीसही ठिकाणी तीन.
'माझ्या कामाला अर्थ आहे.' तीन.
'वरिष्ठ माझं ऐकून घेतात.' तीन.
'सकाळी कामावर यावंसं वाटतं.' तीन.
निगुतीनं, एकाखाली एक,
जणू ओळंबा लावून.

बाई म्हणाल्या, हा प्रतिसाद नव्हे, हा आळस.
वगळ. एकसष्टांवरही भागेल.
पुस्तकात त्याला नाव आहे,
मी ते पाठ केलं होतं, आठ मार्कांना येतं.

तरी मी गेले.
बस नाशिक फाट्याला अर्धा तास जागची हलली नाही.
तांबोळी हात पुसत बाहेर आले.
डाव्या हाताची तर्जनी अर्धीच आहे
हे मला त्या दिवशी दिसलं.
अपघातांबद्दलची विधानं सत्तावीस ते एकतीस.
तिथेही तीनच होते.

म्हणाले, ताई, ड्रॉइंगवर माप येतं,
त्याला वर सूट असते, खाली सूट असते.
शहाणा माणूस मधलं माप धरतो.
एक लिहिलं तर साहेब बोलावणार,
पाच लिहिलं तर टार्गेट वाढवणार.
तिनात पीस रिजेक्ट होत नाही.
मग जरा थांबून,
तुम्हाला यावर नोकरी लागते?
लागते, मी म्हटलं.
बरं आहे, ते म्हणाले,
आणि खरंच बरं वाटल्यासारखे हसले.

रात्री होस्टेलवर कागद पुन्हा काढला.
उलट बाजूला एक चौकट असते, 'इतर काही सूचना'.
ती मी कुणाचीच वाचली नव्हती.
तेलाच्या ठशाशेजारी
एकच शब्द होता:
पंखा.

सॉफ्टवेअरमध्ये पंख्याला रकाना नव्हता.
तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, निष्कर्ष?
मी म्हटलं, दुसरं गृहीतक स्वीकारलं.
चांगले मार्क पडले.

आता खराडीत, अकराव्या मजल्यावर,
माझ्या कार्डावर लिहिलंय 'कर्मचारी अनुभव'.
गारठा इतका की भर मे महिन्यात शाल लागते.
काचा जमिनीपासून छतापर्यंत,
उघडत एकही नाही.
वर्षातून एकदा आम्हीच केलेली प्रश्नावली
आम्हालाही येते.
यंदा भरायला बसले
आणि बोट आपोआप मधल्या मापावर गेलं,
पुन्हा गेलं, पुन्हा.
खालच्या चौकटीत एक शब्द टाकला
आणि पाठवून दिलं.

गुरुवारी नवी इंटर्न आली, शलाका, धुळ्याची,
लॅपटॉप उघडाच धरून, ताटासारखा.
म्हणाली, मॅम, एकानं सगळीकडे तीन दिलेत
आणि खाली नुसतं 'खिडकी' असं लिहिलंय.
वगळू ना?

मी सांगणार होते, आधी जाऊन विचार त्याला.
पण आमचे फॉर्म निनावी असतात.